दादाने मोडलेली काडी

मी पदवीधर झालो तो दादामुळे. आमच्या तांड्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. त्याने मला दिग्रसच्या शाळेत ठेवलं, पुढे अमरावतीला कॉलेजात धाडलं आणि स्वतः शेतात राबत राहिला. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना ते विसरायला नको.

साठ सालच्या सुमारास बायकोशी माझं पटेनासं झालं. ती माहेरी गेली. सहा वर्षांची मुलगी दिग्रसला माझ्याजवळ राहिली; मी शिकवायचो त्याच शाळेत ती पहिलीत होती. सोडचिठ्ठी तांड्याच्या पंचायतीत व्हायची होती. मी दादाला म्हटलं, बाकी काहीही जाऊ दे, पोरगी माझ्याकडे राहिली पाहिजे.

"तू कायले फिकर करतं? मी आहो ना," तो म्हणाला.

आमच्यात पंचांपुढे घरातला वडील माणूस बोलतो, धाकटा गप्प बसतो. सासऱ्यांनी नात मागितली. तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाने दादाला विचारलं. तो मान खाली घालूनच म्हणाला, "घेऊन जा. आमची ना नाही." मी उठू लागलो, तर त्याने माझा गुडघा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने नायकाच्या हातातली वाळकी काडी घेतली. ती त्याने एका हातानेच मोडली. काडी मोडली की बोलणं संपतं.

सासऱ्यांनी मुलीला बैलबंडीत बसवलं. तिने मला विचारलं, "बाबा, सोमवारी शाळा हाये ना?"

परतताना दादाने सांगून टाकलं की माझ्यासाठी दुसरी सोयरीक त्याने आधीच ठरवली होती. त्या लोकांना पहिल्या बायकोचं लेकरू नको होतं. म्हणजे 'मी आहो ना' म्हणाला, तेव्हाही त्याला सगळं ठाऊक होतं.

मी यवतमाळला वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितलं की नव्या कायद्यात एवढ्या मुलीचा पालक आधी बाप धरतात; कोर्ट तिचं हित पाहील, पण दावा लागेल. मात्र पंचायतीत मुलगी दिली ती तुमच्या संमतीशिवाय, हे भावाने येऊन सांगायला हवं.

मी दादाला विनवलं. तो बैलांना पाणी पाजत होता.

"तुले शिकवलं ते मले कोर्टात खोटं पाडायले काय? बोलावशील तर येईन. पण सांगीन, पोरगी नको म्हणून यानंच मले सांगतलं होतं."

तो तसं सांगेल, याबद्दल मला शंका नव्हती. दावा झाला नाही. सोयरिकीलाही मी नकार दिला.

नवी तूर निघाली की दादा अजून माझ्या खोलीवर एक पोतं आणून टाकतो. दारातच उभं राहून विचारतो, पोरगी भेटते का. मी पोतं आत ओढून घेतो.