लाल दारानंतरचं अर्धं मिनिट

अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या शाळेत मर्ना रोज तीनशे पोरांना जेवण वाढायची. तिथं कुणी विचारलं असतं, बाई, तुला काय येतं, तर म्हणाली असती, पातेली घासता येतात. पण डोरीनच्या तळघरात दोन व्हीसीआर शेजारी शेजारी मांडले की याच बाईचा हात असा काही चालायचा, की बघत राहावं. बघायला तिथं कुणी नसायचं, ते सोडा.

दोघींचं वेड एकच. टीव्हीवरच्या अंतराळातल्या मालिकेतला वैमानिक टॅरन आणि त्याचा सोबती, यंत्रमानव सेव्ह. मालिकावाल्यांनी त्या दोघांना कधी धड जवळ येऊ दिलं नाही, मेल्यांना अक्कलच नव्हती. मग या दोघी जुन्या भागांतून नजरा, वळलेल्या माना, खांद्यावरचा हात असं वेचायच्या आणि एखाद्या गाण्यावर बसवून त्याचा व्हिडिओ करायच्या. गाणं टेपवर सगळ्यात शेवटी चढायचं, म्हणून प्रत्येक तुकडा आधी मोजून घ्यावा लागे. मोजायची डोरीन. ती पियानो शिकवायची. तिचा अंगठा स्टॉपवॉचच्या घड्याळावर कधी चुकला नाही. बटणं मर्ना दाबायची. घाई मात्र कायम, कारण थांबवलेलं चित्र यंत्र पाच मिनिटंच धरायचं, मग खटकन सोडून द्यायचं. अशी अकरा वर्षं गेली.

डोरीनला गर्दीचं भय, शिवाय शिकवणीच्या पोरांच्या आयांना हे कळलं तर काय म्हणतील ही धास्ती. ती मालिकेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला कधी गेली नाही आणि व्हिडिओवर नावही घालू दिलं नाही. सगळे व्हिडिओ मर्नाचे म्हणूनच गाजले.

शेवटचा व्हिडिओ सेव्ह लाल दारातून निघून जातो तिथवर आला आणि कर्करोगानं डोरीनला नेलं. त्याआधी इस्पितळात तिनं मर्नाचा हात धरून सांगितलं होतं, "पुरा कर हं. आणि एक तुकडासुद्धा उशिरा बदलायला नको, कळलं?"

मर्ना हो म्हणाली. आणि मग या शहाण्या बाईनं काय करावं? शवपेटीत डोरीनच्या हातात तेच घड्याळ ठेवलं. उमाळ्यात माणसाला पुढचं दिसत नाही. नवं घड्याळ दुकानात मिळालं, पण तो अंगठा कुठून आणणार होती? शेवटचं अर्धं मिनिट तिनं सात वेळा केलं आणि सातही वेळा प्रत्येक तुकडा गाण्याच्या किंचित मागे पडला.

नोव्हेंबरात हॉटेलात मेळावा भरला, तिथं ती सातवा प्रयत्नच तसाच घेऊन गेली. शनिवारी व्हिडिओ दाखवायचे, रविवारी सकाळी कॉफी घेत त्यांची चिरफाड करायची, आणि आपल्या व्हिडिओची पाळी आली की करणारीनं तोंड उघडायचं नाही, अशी तिथली रीत. चिरफाडीत ऑगस्टाबाईंचा हात कुणी धरू शकत नसे. भल्याभल्यांना त्यांनी रडवलं होतं. मर्ना मान खाली घालून बसली.

ऑगस्टाबाई म्हणाल्या, "आधीचं काम चोख आहे, नेहमीसारखं. पण लाल दारानंतर बघा. सेव्ह गेलाय, तरी चित्र हलायला तयार नाही. टॅरनला त्याला सोडवत नाहीये. इतकं सुंदर मर्नानं आजवर काही केलेलं नाही."

सगळ्या माना डोलवू लागल्या. अकरा वर्षांतलं यांना आवडलं ते नेमकं डोरीन नसलेलंच? मर्ना उठून उभी राहिली.

"ती चूक आहे," ती म्हणाली. "मला मोजता येत नाही. मोजायची डोरीन. तुम्ही आजवर वाखाणलंत ते सगळं तिचं. ती मार्चमध्ये गेली."

ऑगस्टाबाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी स्वतः उठून टेप मागे नेली, आणि मर्नाला एवढंच विचारलं, तिचं काम कुठवर आहे?

"लाल दारापर्यंत."

व्हिडिओ पुन्हा लागला. या वेळी सगळ्या डोरीनचं काम बघत होत्या. एकेक तुकडा सुरात पडत होता आणि मर्नाच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. दारापाशी ऑगस्टाबाईंनी बटण दाबलं. सेव्हचा हात दारावर तसाच राहिला.

कुणी उठलं नाही. कॉफी निवत गेली. हे यंत्रही किती वेळ चित्र धरतं ते त्या खोलीत प्रत्येकीला ठाऊक होतं, तरी सगळ्या बसून राहिल्या. पाच मिनिटांनी खटका झाला आणि पडदा निळा झाला.