शुक्रवारची निळी नळी

परीक्षानळीतला रंग डॉक्टरांच्या आधी मी ओळखला. कॉलनीच्या दवाखान्यात कंपाउंडरने निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता तळाशी विटेच्या रंगाचा गाळ बसला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभे होते. त्यांनी मान वळवायच्या आत मी म्हणालो, "फोर प्लस आहे, साहेब. साखर भरपूर."

"तुम्हाला काय कळतं यातलं?"

"रोज हेच करतो. फक्त बॉयलरच्या पाण्यावर."

कोराडीच्या वीजकेंद्रात मी केमिस्ट होतो. पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यात औषधं टाकायची, रंग तक्त्याशी ताडून बघायचा आणि आकडा लिहायचा, हे माझं काम. वय त्रेचाळीस. महिनाभर घशाला कोरड पडत होती, वजन उतरलं होतं, पँटला पट्टा लागायला लागला होता. नागपूरच्या उन्हाळ्यावर सगळं ढकलता येतं, तसं मीही ढकललं होतं. रक्त तपासल्यावर धंतोलीतल्या फिजिशियननी चिठ्ठीवर लिहिलं, डायबेटिस मेलायटस. म्हणजे मधुमेह. आमच्याकडे त्याला नुसतं शुगर म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात.

मला शुगरचं भय नव्हतं, पायाचं होतं. माझा थोरला भाऊ नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग करतो. त्यालाही शुगर. माझं निदान होण्याआधी तीन वर्षं बागेतल्या एका काट्याचं निमित्त झालं आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझी बातमी कळल्यावर दादाने मला समोर बसवलं. "मले पाहा अन् शहाणा हो," म्हणाला. "काटा एवढासाच होता गा." त्या दिवशी मी ठरवलं, मरताना माझे दोन्ही पाय माझ्याजवळ असतील.

धंतोलीच्या या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य दिलं आणि घरी लघवी तपासायची पेटी घ्यायला सांगितली. पेटीत एक नळी, ती धरायचा चिमटा, ड्रॉपर, छोटा दिवा आणि बेनेडिक्ट सोल्यूशनची बाटली होती. बेनेडिक्ट हे तेच निळं औषध. पाच मिली औषध, आठ थेंब लघवी, दोन मिनिटं उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. डॉक्टर म्हणाले, "रोज बघा आणि वेगवेगळ्या वेळी बघा. कधी सकाळी, कधी जेवणानंतर." मी मनात म्हटलं, मला नमुना घ्यायला शिकवताय होय.

घरी माझी बायको सुमन हिचं म्हणणं वेगळं होतं. "हे माह्या सयपाकघरात नाही चालणार, सांगून ठेवते." तेव्हा नळी मागच्या अंगणात गेली. रोज अंगणात दिवा पेटवून बसायला वेळ कुठला? माझी सुटी शुक्रवारची. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी एकदा व्यवस्थित तपासायचं, असा मी स्वतःच नियम केला. डॉक्टरांकडे जायचं, रक्त द्यायचं, तेही शुक्रवारीच.

आणि गुरुवारी उपास होता. माझा आजार कळला तेव्हा सुमनने माझ्या पायासाठी तो धरला होता. ती उपाशी आणि मी भाकर मोडतोय, हे मला बरं दिसेना, म्हणून मीही धरला. दिवसभर कोरा चहा, संध्याकाळी चार घास भगर. गोळी मात्र चालू. उपाशीपोटी ती गोळी घेऊन मी कुठे चक्कर येऊन पडलो नाही, हे माझं नशीब. हे डॉक्टरांना सांगायला हवं, हे डोक्यातही आलं नाही. उपासाचं डॉक्टरांना कोण सांगतं?

शुक्रवारी नळी निळी यायची. कधी जराशी हिरवट. मी वहीत रंगीत पेन्सिलीने चौकोन भरायचो आणि बक्षीस म्हणून संत्रा बर्फीचा एक तुकडा तोंडात टाकायचो. शनिवारपासून बुधवारपर्यंत काय खात होतो ते आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो, कारण वाचणाऱ्यांत कुणी माझ्यासारखा असेल. तर्रीपोहे खात होतो. हंगामात बागेतून पेटी आली की बसल्या बैठकीला पाच-सहा संत्री सोलत होतो, फळच तर आहे म्हणून. लग्नाकार्यात जिलबीला नाही म्हणत नव्हतो. नळी निळी येत होती ना!

अशी सात वर्षं गेली. चार वह्या भरल्या. डॉक्टर पानं उलटून म्हणायचे, "तुमच्यासारखे पेशंट मिळाले तर मला काही कामच उरणार नाही." मी ते वाक्य कॉलनीत सगळ्यांना ऐकवत असे. दोघा-तिघांना तर मी स्वतः पथ्य सांगायला लागलो होतो.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका हिवाळ्यात, ड्यूटीचे नवे बूट चावले. चावले हे मला कळलंच नाही. घरी मोजा काढताना तो अंगठ्यावरच्या जखमेला चिकटलेला निघाला तेव्हा सुमन ओरडली. मला काहीच दुखत नव्हतं. याला न्यूरोपॅथी म्हणतात, म्हणजे साखरेने नसा बधिर होतात आणि पायाला काय झालं ते डोक्याला कळत नाही. पाय उजवा होता.

तीन महिने एका मोठ्या इस्पितळात एक दिवसाआड ड्रेसिंगला जात होतो. कोराडीहून बसने जायचं, नंबर लावायचा, लाकडी बाकावर पाय लांब करून बसायचं. बाकावर सगळे एकमेकांच्या पायांकडेच बघतात, चेहरे नंतर ओळखीचे होतात. जखम भरत नव्हती. कडा काळ्या पडायला लागल्या. सर्जन म्हणाले, "अजून महिनाभर बघू. नाहीतर अंगठा काढावा लागेल. तिथे थांबलं तर बरं." ते तिथे थांबत नाही, हे दादाने मला आधीच दाखवलं होतं. त्याचंही आधी बोटच काढलं होतं.

माझे फिजिशियन मात्र कोड्यात पडले होते. माझी वही त्यांच्या टेबलावर उघडी होती, सगळे चौकोन निळे. "शुगर इतकी चांगली, मग जखम का भरत नाही?" मग म्हणाले, "एक नवी टेस्ट निघाली आहे, ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन. इथे होत नाही, रक्त मुंबईला पाठवावं लागेल." त्यांनी समजावून सांगितलं ते असं. रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात. रक्तात साखर जास्त असली की ती या पेशींना चिकटते, आणि एकदा चिकटली की सुटत नाही. त्यामुळे एका सकाळची नव्हे, गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते.

रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागले. आठच्या आत असायला हवा होता तो आकडा तेराच्या वर आला होता.

मी सरळ म्हणालो, "लॅब चुकली." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शक्य आहे. पुन्हा पाठवू." पुन्हा पाठवलं. पुन्हा तेरा. ते माझ्या वहीवर हात ठेवून बसले. त्यांना वाटत होतं की मी चौकोन खोटे भरले. मला भयंकर राग आला. एकही चौकोन खोटा नव्हता.

चार-पाच दिवसांनी प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या दोन केमिस्टना मी काम समजावत होतो. बॉयलरच्या तळाशी क्षार साचतात. ठराविक वेळी झडप उघडून ते गढूळ पाणी बाहेर सोडतात, त्याला ब्लो-डाऊन म्हणतात. मी त्यांना सांगत होतो, "नमुना नेहमी ब्लो-डाऊनच्या आधी घ्यायचा. नंतर घेतला तर पाणी छानच दिसणार, आणि आत काय साचलंय ते कधीच कळणार नाही." हे वाक्य मी वीस वर्षांत शेकडो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते म्हणून झालं आणि मी खुर्चीत बसलो. गुरुवार हा माझा ब्लो-डाऊन होता. सात वर्षं मी न चुकता त्याच्या दुसऱ्या दिवशी नमुना घेत आलो होतो. चौकोन सगळे खरे, आणि वही सगळी खोटी. एवढा गाढवपणा मी नव्या माणसालाही करू दिला नसता.

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे माह्या उपासानं तुमचा पाय..."

"नाही वं. उपास तुझा होता, तपासणी माही होती. चूक तपासणीची हाये."

ती ताटातले तांदूळ उगाच फिरवत राहिली. मग म्हणाली, "उपास मी सोडत नाही. तुमी नका करू. अन् ते नळी आणा इकडं, गॅसवर लवकर होते."

तो बुधवार होता, जेवून दोन तास झालेले. सुमनच्या स्वयंपाकघरात, सुमनच्या शेगडीवर, नळी विटकरी झाली. तिने तो रंग पहिल्यांदाच पाहिला. फडताळातला बर्फीचा डबा काढला आणि शेजारी देऊन आली.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, उपास, शुक्रवार, बर्फी, संत्री. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही की शुक्रवारच का. निम्मी चूक माझी." असं म्हणणारा डॉक्टर मिळणं हे भाग्य आहे, आणि मी ते विसरणार नाही.

इन्शुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज रोज उकळायची. सुई टोचायला इस्पितळातल्या सिस्टरने सुमनला संत्र्यावर शिकवलं, संत्र्याची साल आपल्या कातडीसारखी असते म्हणून. चार दिवस आमच्या घरातली संत्री पाण्याची इंजेक्शनं घेत होती. पाचव्या दिवशी माझी पाळी. डोळे मिटून घेतले ते मी, तिने नाही.

नळी आता रोज आणि दर वेळी निराळ्या वेळेला. पहिले तीन आठवडे वही लालच लाल. मी आयुष्यात इतक्या आनंदाने वाईट आकडे लिहिले नव्हते, कारण ते खरे होते आणि त्यांच्यावर काही करता येत होतं. लाल आलं की इन्शुलिन दोन युनिट वाढे, नाहीतर भात एक मूद कमी होई. मग नारिंगी आलं, मग पिवळं, मग हिरवं. महिना संपला तेव्हा सर्जननी पट्टी सोडली, चिमट्याने कडा दाबून पाहिली आणि म्हणाले, "गुलाबी दिसतंय. कापायचं लांबवू." पुढे त्यांनी ते लांबवलं ते लांबवलंच. तीन महिन्यांनी मुंबईहून आकडा आला, आठला थोडा वर. डॉक्टर म्हणाले, "आता तुमची वही आणि तुमचं रक्त एकच बोलतंय."

जखम पूर्ण भरल्यावर मी दादाकडे गेलो. पडवीत बसलो तर म्हणाला, "बूट काढ." मी काढला. त्याने माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. थोरल्या भावाने धाकट्याच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय, मी ओढून घ्यायला लागलो.

"राहू दे गा. पाहू दे मले."

त्याने अंगठ्यावरची नवी कातडी चाचपली. बोटांच्या मधून हात फिरवला. चेहरा खाली होता, पण त्याचे डोळे भरून आलेत हे मला कळलं. माझेही भरले. मग मी पिशवीतून नळी आणि बाटली काढली.

"हे काहून आणलं?"

"तुह्यासाठी."

"मले काय करायचं आता? गेला तो गेला."

"एक हाये नं अजून, दादा."

तो त्याच्या उजव्या पायाकडे बघत राहिला. पाय कापल्यापासून त्याने एकदाही शुगर तपासली नव्हती. जायचं ते गेलं, आता भ्यायचं कशाला, असं त्याचं चाललं होतं, आणि मी, वहीत निळे चौकोन भरणारा शहाणा, इतक्या वर्षांत त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

जेवण झाल्यावर दोन तासांनी वहिनीच्या चुलीवर नळी धरली. विटकरी झाली. दादा खाटेवर बसून ती हातात घेऊन उजेडात धरून बघत होता.

मग त्याने नळी मला परत दिली आणि विचारलं, "उद्या किती वाजता पाहायचं?"