अर्ध्या शक्तीचा व्यायाम

"आत रक्त आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यासमोरचा दिवा बाजूला केला आणि विचारले, "साखर किती वर्षांपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"आणि डोळ्यांची तपासणी शेवटची कधी केलीत?"

शेजारी बसलेली माझी पत्नी सुमन आपल्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. दर वर्षी ती मला या तपासणीची आठवण करून देत असे.

आजाराचे नाव व्हिट्रियस हेमरेज. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्यात रक्त उतरले की प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही. त्याचे मूळ होते डायबेटिक रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहामुळे पडद्यावर नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढणे. त्या वाढताना काहीच दुखत नाही. पुढे केव्हातरी त्या फुटतात.

"फुटल्या तेव्हा काय करत होता?"

"शीर्षासन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "या डोळ्यांनी?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. द्रवाचा दाब हा धडा मी इतक्यांदा शिकवला आहे की पुस्तक उघडावे लागत नाही. त्या खुर्चीत बसून मला प्रथमच जाणवले की हा धडा मी स्वतःला कधी लागू केला नव्हता.

योग आणि आयुर्वेद यांच्याकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे. त्यांना परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. मी या दोन्हींकडे ज्या रीतीने गेलो, त्या रीतीने त्यांनी जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये रोहिणीताईंनी सकाळचा योगवर्ग सुरू केला. आम्ही सगळे पन्नाशीचे, तरुणपणी खाली मातीत घाम गाळलेले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "कुणाला बीपी, शुगर, डोळ्यांचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर आत्ताच सांगा. त्याप्रमाणे आसनं बदलून देते."

कुणीही बोलले नाही. समोर लहानपणापासूनचा माझा तालमीतला जोडीदार बाळू बसला होता. त्याच्यादेखत 'मला मधुमेह आहे' म्हणणे माझ्या जिभेवर येईना. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला ईर्षा काय असते हे सांगावे लागत नाही. तिथे दुखणे सांगणे म्हणजे कुस्तीआधीच पाठ टेकणे. बाळूलाही बीपीची गोळी चालू होती, हे मला नंतर कळले.

ताई सावकाश शिकवत. श्वास, सांध्यांच्या हालचाली, ताडासन, शवासन. शीर्षासन त्यांनी आम्हाला शिकवलेच नाही; ते नवख्यांसाठी नसते, असे त्यांनी बजावले होते. ताई निघून गेल्या की आमचा दुसरा वर्ग भरे. कोण किती वेळ डोक्यावर उभा राहतो, यावर मिसळीची पैज लागे.

"सर, पाय हलाय लागलं की तुमचं!" बाळू ओरडे. "खाली आलासा तर आजची मिसळ तुमच्याकडं!"

"तू आधी वर ये, मग बोल," मी उलटा उभा राहूनच उत्तर देई, आणि हॉल हशाने भरून जाई.

आयुर्वेदाचेही तेच. वैद्यांकडे आमच्यापैकी कुणी गेले नव्हते. पैलवानाच्या खुराकालाच आम्ही आयुर्वेद म्हणू लागलो. संध्याकाळी दूध कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे दूध, घरी येऊन वर तूप आणि झोपताना च्यवनप्राश. सुमनने एकदा चमचा माझ्या हातातून काढून घेतला.

"अहो, साखर हाय त्यात."

"ते औषध आहे."

"व्हय, औषधच. मग बरणीच तोंडाला लावा की."

मी हसलो. शरीर हलके वाटत होते, चेहऱ्यावर तेज आले आहे असे लोक म्हणत होते. साखर तपासण्याची गरज मला वाटेनाशी झाली.

त्या सकाळी मी डोक्यावर उभा असताना उजव्या डोळ्यासमोर काळा धागा तरंगला. बाळू अजून वर होता, म्हणून मी खाली आलो नाही. धाग्याची जाळी झाली. पाय टेकले तेव्हा काजळी पाण्यात मिसळावी तसे सारे गढूळ झाले होते. पैज मी जिंकली होती. मिसळ खाल्ली, मगच घरी आलो. हे वाक्य लिहिताना मला आजही लाज वाटते.

पुढचे दिवस इस्पितळाच्या बाकावर गेले. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की सगळे रुग्ण डोळे मिटून एका रांगेत बसत. नाव पुकारले की कुणाच्या तरी हाताला धरून आत जायचे. बी-स्कॅन झाले, म्हणजे रक्तामुळे आतले दिसत नसेल तर ध्वनिलहरींनी पडदा पाहणे. पडदा जागेवर होता. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर, डॉक्टरांनी मोठ्याने वाचली आणि सुमनने डोक्याला हात लावला.

"उशी उंच घेऊन झोपा, वाकू नका, जड उचलू नका," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त कधी कधी आपोआप विरतं. वाट पाहू. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे, त्याला लेसर करून घेऊ. तो आपल्याला गमावायचा नाही."

रक्त विरले नाही. अखेर व्हिट्रेक्टॉमी करावी लागली. डोळ्यात सूक्ष्म छिद्रे पाडून ती रक्ताळलेली जेली काढून टाकण्याची ही शस्त्रक्रिया. भूल फक्त डोळ्यापुरती असल्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. हिरव्या कापडाखाली पडून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो: हा डोळा परत मिळेल का?

त्या काळात भेटायला येणारे विचारत, "सर, हे झालं तरी कसं?" मी सांगे, "योगासनं करताना." वाक्य खोटे नव्हते. त्यात मधुमेह नव्हता, पैज नव्हती, चुकवलेल्या तपासण्या नव्हत्या. तरीही ते खोटे नव्हते. पेठेत मात्र त्याचे व्हायचे तेच झाले. योगामुळे सरांचा डोळा गेला, ही बातमी घराघरांत पोहोचली. तालमीने ताईंच्या वर्गासाठी हॉल बंद केला. बाळूने हे मला घरी येऊन सांगितले आणि वर म्हणाला, "बरं झालं. आपलं जोर-बैठकाच बऱ्या." मी डोळ्यावर पट्टी ठेवून गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा मला डोळ्यापेक्षा अधिक पश्चात्ताप आहे.

पट्टी निघाली. गढूळपणा गेला होता, परंतु पडद्याला झालेली इजा भरून येणारी नव्हती. तक्त्यावरची मोठी अक्षरे दिसली. खालच्या ओळी मुंग्यांसारख्या राहिल्या.

"जे राहिलंय ते सांभाळू," डॉक्टर म्हणाल्या. "चालणं, साधा श्वास, बसून करायचे व्यायाम चालतील. श्वास कोंडायचा नाही. डोकं खाली करायचं नाही."

सुमन मला जयसिंगपूरला, तिच्या माहेरच्या वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी नाडी पाहिली, भूक, झोप आणि पोट यांविषयी बारकाईने विचारले, इस्पितळाचे सगळे कागद वाचले. मी माझा खुराक सांगितला तेव्हा ते मिस्कीलपणे म्हणाले, "हा आयुर्वेद तुम्हाला शिकवला कुणी?"

"कुणीच नाही."

"ते दिसतंयच. अहो, एका माणसाचं पथ्य दुसऱ्याचं अपथ्य असतं. व्यायामसुद्धा अर्ध्या शक्तीनं करायचा. कपाळावर घाम आला, तोंडानं श्वास घ्यावासा वाटला, की थांबायचं. अर्धी शक्ती शरीराला त्याच्या कामासाठी लागते."

साखरेची एकही गोळी त्यांनी बंद केली नाही. ते काम तुमच्या डॉक्टरांचे, असे स्पष्ट सांगितले. वेळेवर जेवण, संध्याकाळी हलका आहार, जेवणानंतर शतपावली आणि लवकर झोप, एवढेच मला दिले. इतके साधे असेल असे मला वाटले नव्हते. नवख्याने सुरुवात इथून करावी. मी मात्र पूर्ण शक्तीनेच जगायला शिकलो होतो, आणि ती शक्ती दुसऱ्याला दाखवण्यासाठी होती.

परतल्यावर मी रोहिणीताईंना फोन केला आणि सगळे सांगितले.

"मी विचारलं होतं, सर."

"हो. विचारलं होतं."

"हॉल गेला त्याचं काही नाही. मी आता बायकांचा वर्ग घेते. तिथंही म्हणतात, तुमच्या योगानं एकाचा डोळा गेला म्हणं. मी काय उत्तर देणार? तुमचं दुखणं मी कसं चारचौघांत सांगू?"

"मी येऊन सांगितलं तर?"

"डोळा कसा आहे?"

"थोडा राहिला आहे."

"मग उद्या या. मला बरं वाटावं म्हणून येऊ नका. त्यांना कळावं म्हणून या."

मी गेलो. चटयांवर बसलेल्या अनोळखी बायकांपुढे उभा राहिलो आणि मला मधुमेह आहे, असे आयुष्यात प्रथमच चारचौघांत म्हणालो. मग उरलेले सांगितले. शिकवण्याच्या भाषेत सुरुवात केली होती. शेवटी घरची भाषा तोंडी आली.

"माझा डोळा माझ्यामुळं गेला. ह्या ताईंमुळं न्हाय."

पुढच्या चटईवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"मग इतकं दिवस का न्हाय बोललासा?"

रोहिणीताईंनी भिंतीजवळची खुर्ची मला दाखवली. मी बसलो, पाठ सरळ केली, आणि त्या सांगतील तेवढाच श्वास घेऊ लागलो.