अर्धा कुलचा

पुतण्याचं कार्ड आलं तेव्हा मी कढईत मिरच्या परतत होते. अक्का गेल्या, एवढंच लिहिलं होतं... डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्यानं, असं सुना समजल्या आणि मीही समजू दिलं. अर्धवट खरं बोलायची सवय माझी जुनीच.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. निजामाच्या राज्यात आमचं गाव परभणीपासून बैलगाडीनं तासाभरावर. वर्षाच्या काळ्या मसाल्याचे जिन्नस आणायला सासूबाई अक्कांनाच धाडायच्या, कारण घरात नाक होतं ते त्यांचंच. सोबतीला मी. दीर गाडी सोडून चहाला बसले की अक्का बाजारात मोकळ्या सुटायच्या. अत्ताराकडं दगडफूल तळहातावर चोळून डोळे मिटायच्या, अरबाकडं खजुराच्या पाट्या एकेक बघत बसायच्या, कोमटी वाण्याच्या दुकानात तेलुगू लोणच्याचा खार जिभेवर घ्यायच्या. कोमट्याला मराठी धड येत नव्हतं, अक्कांना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं, तरी दोघांचं लोणच्यावरून अर्धा तास चालायचं. मला आपली घरी जायची घाई.

एकदा अक्का एका भट्टीवाल्या मियांच्या दुकानापुढं थांबल्या. गरम कुलचा, वर कलोंजी पेरलेली. मी म्हटलं, अक्का, मियांच्या हातचं खाल्लं तर बाटू की. तर म्हणाल्या, "सासूबाई एकादशीला अरबाचाच खजूर खात्यात ना? मग ह्यानं काय घोडं मारलं?" अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा मी.

घरी आल्यावर माझ्याच पदराला कलोंजीचे दाणे चिकटलेले. सासूबाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, अक्कांनी कुलचा घेतला होता. खोटं काही नव्हतं त्यात, पण खरं तरी कुठं होतं! अक्का शेजारीच ताक घुसळत होत्या. हिनंबी खाल्ला, एवढं म्हणाल्या असत्या तर माझीही धडगत नव्हती. त्या घुसळतच राहिल्या. त्यांचं बाजाराला जाणं त्या दिवशी बंद झालं ते कायमचंच, आणि मसाल्याचं काम माझ्याकडं आलं. मला काय कळतंय, गाढवाला गुळाची चव! मी प्रत्येक जिन्नस दोन दुकानांतून थोडा थोडा गाठीत बांधून आणायची. अक्का चुलीपाशी हुंगून सांगायच्या, हे घे, ते टाक. मग हळूच विचारायच्या, आज अरबाकडं कोणता खजूर आलता गं? मी कधी थांबून बघितलेलंच नसायचं.

सासूबाई गेल्या तोवर निजामाचं राज्यही गेलं होतं. अरबाचं दुकान उठलं, भट्टी विझली. अक्कांना मोकळीक मिळाली तेव्हा त्यांचा बाजारच राहिला नव्हता. हे पाप माझं, दुसऱ्या कुणाचं नाही.

गेल्या दिवाळीत भेटायला गेले तेव्हा धीर करून म्हटलं, "अक्का, तवा मीबी खाल्लता की..."

त्या हसल्या. "मोठा तुकडा तुलाच दिलता मी. आवडला व्हता का तरी?"

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली आणि मी कप उचलला. इतक्या वर्षांनी, सुनेसमोर 'हो' म्हणायची लाज वाटली मला. तीच शेवटची भेट.

आवडला होता, अक्का. लय आवडला होता.

यंदाचं दगडफूल परवा आणलंय, सवयीनं दोन दुकानांतलं. दोन्ही गाठी ओट्यावर तशाच आहेत... येता-जाता मी हुंगून बघते. मला दोन्हींचा वास सारखाच येतो.