लिंबायतमधलं हलासन

नव्वदच्या दशकात मी नंदुरबारला बँकेत होतो. एक दिवस सुरतहून ताईचा एसटीडी बूथवरून फोन आला. “तुझ्या दाजींची कंबर धरलीय. पंधरा दिवस कारखान्यात मागावर गेले नाहीत. सोमवारी आले नाहीत तर शेठ दुसरा माणूस ठेवणार. तू योग शिकलास ना? ये.”

माझं शिक्षण एका उन्हाळी वर्गाचं. स्वतःला समजत मात्र होतो योगाचार्य. शुक्रवारी सकाळची पॅसेंजर पकडली.

बारडोलीला खिडकीबाहेर ऊसच ऊस. ताई राहायची त्या लिंबायतला जाणार असाल तर सुरतपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा; रिक्षा लगेच मिळते. ताईची खोली अशी, की पाहुणा आला की खाट उभी करावी लागे.

हाड शाबूत आहे, हळूहळू हालचाल करा, असं डॉक्टरांनी दाजींना सांगितलं होतं. मी ताडासनापासून सुरुवात केली. “ताडासारखं ताठ उभं राहायचं. कणा सरळ होतो.”

“शालकबुवा, बारा तास मी तेच करस,” दाजी अहिराणीत म्हणाले. “बसानं आसन नही का?”

मी वज्रासन सांगितलं. जेवणानंतर पचनाला चांगलं. ते लगेच बसले. “मंग पहिले ताट वाढा!”

भुजंगासनात मात्र, नागासारखी छाती उचलताच, त्यांचा चेहरा सैल झाला. “आते बरं वाटस.”

झालं, मला चेव आला. शनिवारी शेजारीपाजारी जमल्यावर मी हलासन दाखवलं. पाय डोक्यामागे, शरीराचा नांगर. पाय गेले ते थेट पिठाचा डबा आणि भिंत यांच्यामध्ये. परत येईनात.

“हे किती वेळ करायचं?” शेजारच्या गुजराती मासींनी आदराने विचारलं.

“ताई, ओढ!”

दोघींनी एकेक पाय धरून मला उलगडलं. मान डावीकडे वळली ती तशीच राहिली. दाजी कमरेला हात लावून हसत होते. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच, असं ताई म्हणाली.

रविवारी दोघांनीही फक्त शवासन. काहीच करायचं नाही, म्हटलं. दाजी डोळे मिटून पडले, पण छातीवर बोटं हलत होती. तुटलेला धागा सांधत होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“माग बंद आहे, दाजी.”

बऱ्याच वेळाने बोटं थांबली.

सोमवारी ते सावकाश चालत कामावर गेले. मी परतलो, वाटेतलं फक्त डाव्या बाजूचं वर्णन करू शकतो.

नंदुरबारला मान आठवड्याभरात सरळ झाली, आचार्यपण त्याआधीच उतरलं होतं. त्या उन्हाळी वर्गात शवासन मी नेहमी उरकून टाकायचो. महिन्याने ताईने पत्रात लिहिलं, दाजींची नोकरी टिकली. रोज भुजंगासन करतात, पण शवासनात दुसऱ्याच मिनिटाला घोरतात. आमचे योगाचे सर शवासनात झोपण्याला चूक म्हणायचे. मी उलट टपाली कळवलं, दाजींना आसन जमलं.