एकाच नावाचं गीतपुस्तक

वैशाली नगरातल्या चर्चमध्ये तरुणांची संगती, म्हणजे गाण्या-प्रार्थनेचं मंडळ, सुरू केली ती गुलाब सोनटक्के यांनी, प्लांटात क्रेनवर नवेनवे नोकरीला लागले तेव्हा. लग्न झालं की संगती सोडायची आणि गीतपुस्तक मागे ठेवायचं, हा नियमही त्यांचाच. नवा सभासद ते पुस्तक घेई आणि जुन्या नावाखाली आपलं नाव लिही.

यंदा, संगतीच्या पस्तिसाव्या वर्षी, तिथलीच सभासद टीना संगतीचा इतिहास लिहायला बसली. प्रत्येक पुस्तकात पाच-सहा नावं होती. एकात फक्त गुलाबकाकांचं.

“काका, हे पुस्तक पुढे गेलंच नाही?”

“लग्न कुठं झालं माह्यं.”

“मग तुमच्याबद्दल इतिहासात काय लिहू?”

“काहीच नको लिहू,” खुर्च्या मांडता मांडता अठ्ठावन्न वर्षांचे काका म्हणाले. “इतिहास गेलेल्यायचा राहते. मी तं अजून येऊन राहिलो.”