वास घ्यायची ड्युटी

गॅरेजमध्ये काम संपलं की ट्रेमध्ये दोन-चार नट उरतातच. कुठल्या गाडीचे ते कुणी सांगत नाही आणि फेकवतही नाहीत. आमचे किस्से असेच साठलेत, आणि हल्ली मला गप्प बसवत नाही, म्हणून सांगतो.

हुडकेश्वर रोडवर माझं छोटं गॅरेज आहे. पेट्रोलच्या टाकीतला पंप काढायचं काम वसंताभाऊंचं. वीस वर्षं त्यांनी ते नाकाच्या भरवशावर केलं. कुठे वाफ साचली असेल तर त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. मागच्या वर्षी सर्दी-तापाने महिनाभर झोपले, आणि उठले तेव्हा वास येणं पार बंद!

ते आधी वहिनींना कळलं. भाजी करपून घरभर धूर झाला होता आणि हे शेजारी बसून विचारतात, "आज भाजीले एवढा वेळ काहून लागून राहिला वं?"

मी म्हटलं, आता टाकीचं काम सोडा. ते ऐकेनात. हात शाबूत आहेत म्हणाले. शेवटी ठरलं की वास मी घ्यायचा. टाकी मागच्या सीटखाली असते. ती सीट काढली की ते हाक मारतात, "या मालक, वास घ्या." मी गाडीत डोकं घालून हुंगायचं, मी वास नाही म्हटलं की त्यांनी टाकी उघडायची. म्हणजे त्यांचा जीव माझ्या नाकावर, आणि मी दोन मिनिटं एका जागी न टिकणारा माणूस!

त्यात त्यांची पद्धत सावकाश. आधी पंपाचा फ्यूज काढायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. पाइपातलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडतं, तोवर थांबायचं. एकदा एक रिटायर्ड हेडमास्तर हे बघत उभे होते. इंजिन बंद पडताच भडकले. धक्के खात का होईना, गाडी चालत आली होती, ती तुम्ही मारून टाकली म्हणाले.

वसंताभाऊ शांतपणे म्हणाले, "मरू द्या सर. जिवंत गाडीची टाकी आपण उघडत नाही."

मोटरची ठिणगी नको म्हणून मे महिन्यातही आमचा कूलर बंद असतो. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला एक गिऱ्हाईक यावर खूप हसला. मी बॉयलरपाशी काम करतो, मला काय गरमी सांगता, असं त्याचं चाललं होतं. पंधरा मिनिटांनी तो समोरच्या रसवंतीत उसाचा तिसरा ग्लास पीत होता.

पंप टाकीला धरून ठेवणारी रिंग पितळी छिन्नीने हळूहळू ठोकत फिरवावी लागते. लोखंडावर लोखंड आपटलं तर ठिणगी उडते. हे मला माहीत नाही असं नाही, पण एकदा घाईत मी लोखंडी हातोडी आणि छिन्नी पुढे केली. त्यांनी दोन्ही डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी नेली. आठवड्याने हातोडी मागितली तर म्हणाले, "बायको नारळ फोडून राहिली तिनं."

आता गेल्या महिन्याचं. धरमपेठेतल्या एका डॉक्टरबाईंची गाडी होती. त्यांना दवाखान्यात पोचायचं होतं, त्यांचे फोनवर फोन. मी फाटकापाशी येरझारा घालत, अर्ध्या तासात देतो म्हणून सांगत होतो. तेवढ्यात आतून हाक आली, "या मालक, वास घ्या."

मी फोन बाहेर ठेवून गॅरेजच्या दारापर्यंत गेलो. गाडीत डोकं घातलं नाही. दारातूनच म्हणालो, "नाही येत, उघडा."

त्यांनी पंपावरच्या झाकणाचा पहिला बोल्ट सैल केला. इतक्यात डॉक्टरबाई रिक्षातून उतरून आल्या, गाडीपासून चार पावलांवर थबकल्या आणि नाकाला ओढणी लावून म्हणाल्या, "अहो, पेट्रोलचा केवढा वास येतोय!"

सीटखालचा पाइप गळून गाडीतलं मॅटिंग खालून भिजलं होतं.

वसंताभाऊंनी पाना अलगद खाली ठेवला. हळूच बाहेर आले. मला वाटलं आता शिव्या घालतील, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फडक्याला हात पुसले.

मग म्हणाले, "मले येत नाही, भाऊ. तुमाले तं येतो ना?"